सुटेल असं जोडणारा

साहेबाच्या काचेच्या केबिनमधला आवाज थेट जिन्यापर्यंत येत होता. नवऱ्याचा विसरलेला डबा घेऊन आलेली बाइंडरची बायको पायरीवरच थबकली.

"शिक्का वाच! जॉइन! वाचता येतं ना?"

"येतं, साहेब. पण ह्याला जॉइन नको, अटॅच हवं."

"चौथीतनं शाळा सोडलेला माणूस मला इंग्रजी शिकवणार?"

लिहायचा कंटाळा म्हणून साहेबाने 'जॉइन' असा रबरी शिक्काच करवून घेतला होता. फाइलीत जाणाऱ्या प्रत्येक कागदाच्या चिठ्ठीवर तो दणादण उठायचा. आज कागद होता एका नर्सबाईचं मूळ सर्टिफिकेट. दुसरी प्रत नव्हती, आणि नव्या नोकरीसाठी बाईला ते महिन्याभरात परत लागणार होतं.

"सांगितलं तेवढं कर, पंडित! नाहीतर उद्यापासून गोदामात."

घरी ताट वाढता वाढता बायको म्हणाली, "अहो, जोडायचं ते जोडायचं. त्यात एवढं काय?"

"असं कसं? फाटक्या नकाशाचे दोन तुकडे सरसाने एक केले, ते जॉइन. पानं दोऱ्याने शिवली, ते बाइंड. आणि पाहुणा आलेला कागद सोबत ठेवायचा, निघताना धड जाऊ द्यायचा, ते अटॅच."

ह्या माणसाला इंग्रजी आलं ते वीस वर्षं बोटांतून.

"मग आपलं काय झालंय म्हणे?"

"बाइंडिंग. सुई तुझ्या हातात."

ती हसली खरी, पण गोदामातली धूळ आणि ह्याचा दमा काही डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी त्याने सरसाचं भांडं बाजूला सारलं. कणकेची पातळ खळ केली, सर्टिफिकेटच्या कडेला बोटभर कागदी पट्टी लावली आणि फाइलीत चिकटवली ती फक्त पट्टी. साहेबाने पाहिलं. पंडितजी गोदामात गेले, खोकत खोकत पार्सलं बांधू लागले.

महिन्याने नर्सबाई आली. साहेबाने कागद ओढून पाहिला, तो काही निघेना. घाम पुसत त्याने गोदामात निरोप धाडला.

"पंडित, निघेल का हे?"

त्याने पट्टीवर ओला कापूस ठेवला, दहा मिनिटं ती भिजू दिली, मग बोथट सुरी फिरवली. कागद गेला होता तसाच बाहेर आला. नर्सबाईच्या डोळ्यांत पाणी, आणि साहेबाला एकदम फाइलीत काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

दुसऱ्या दिवसापासून बाइंडर आपल्या टेबलावर परत. चिठ्ठ्या कोऱ्या येऊ लागल्या, काय करायचं ते पंडितने ठरवायचं. सुटलेला कागदही तो स्वतःच मालकाच्या घरी नेऊन द्यायचा.

"पोस्टाने धाडा की," बायको म्हणायची.

"पोस्टात घडी पडते."

तो वारला त्याच्या चार दिवस आधीही, असाच एक कागद दोन पुठ्ठ्यांत धरून, मजल्यामजल्यावर दम खात तो चार जिने चढला. दार उघडणाऱ्या म्हातारीने आत बोलावलं, तो गेला नाही.

"चारी कोपरे बघून घ्या, मावशी. मग सही."

मावशींनी कागद उजेडात धरून एकेक कोपरा पाहिला, सही केली. त्याने पेनाला टोपण लावलं, रिकामे पुठ्ठे काखेत मारले आणि कठडा धरून जिना उतरू लागला.