पाण्यामागचे वाल

आमच्या घरासमोर जे पाणी आहे त्याला वाडीतले लोक धरण म्हणतात, मुंबईचे नातेवाईक इंग्रजीत लेक म्हणतात आणि आमचे हे जलाशय म्हणतात. ह्यांची सगळी नोकरी मुंबईत पाणीखात्यात गेली, त्यामुळे सरकारी शब्द अंगात मुरलेला. मी पोस्टातून निवृत्त झाले. मी त्याला पाणीच म्हणते.

पोलादपूरहून कापड्याकडे जाताना ह्यांची थोडी वडिलोपार्जित जमीन होती, तिथे आम्ही दोन खोल्या आणि एक ओटी बांधली. मुंबईत आयुष्यभर खिडकी उघडली की समोरच्यांच्या चादरी दिसायच्या. इथे उघडली की पाणी दिसतं आणि पलीकडे डोंगर. मला ह्याहून जास्त काही नको होतं.

ह्यांना मात्र थंडी हवी होती. महाबळेश्वरची थंडी घाटाने खाली उतरते आणि आमच्या ओटीवर मुक्काम करते, हे ह्यांचं स्वतःचं शास्त्र. नोव्हेंबर लागला की सकाळी हे माकडटोपी, मफलर आणि दोन स्वेटर घालून खुर्चीत बसतात. ऊन वर आलं की एकेक कपडा उतरतो, दुपारी नुसत्या बनियनवर अंगणात फिरतात. त्याच वेळी वाडीतल्या बायका अनवाणी दवातून कामाला निघालेल्या असतात. त्या ह्यांच्याकडे आदराने बघतात असं हे म्हणतात.

आमचा मुलगा मुंबईत असतो. तो ऑफिसला निघण्याआधी व्हिडिओ कॉल करतो, म्हणजे नेमका टोपी-मफलरच्या वेळेला. त्यामुळे बाप रोज आजारीच दिसायचा त्याला. त्यात ह्यांनी गुडघ्यांसाठी सवच्या गरम कुंडाचं खूळ घेतलं. एसटीने महाड, तिथून सव, कुंडात मनसोक्त शेक, आणि पुन्हा एसटीने घरी. कुंडात गेलेलं दुखणं परतीच्या खड्ड्यांत मुक्कामाला आलं. हे सगळं ह्यांनी मुलाला रंगवून सांगितलं. आपल्या दुखण्याचं कौतुक करून घ्यायला कुणाला आवडत नाही?

कौतुक दिवाळीत दारात आलं. मुलाने सांगून टाकलं की आता घर बंद करायचं आणि मुंबईला चलायचं. लिफ्ट आहे, खालीच डॉक्टर आहे, नळाला गरम पाणी येतं. मी स्वयंपाकघरात चकल्या तळत होते. ह्यांचं उत्तर मला तिथे ऐकू आलं.

"वाल काढून झाले की येतो."

मला विचारायचं कुणाला सुचलं नाही. घर बांधताना मोरीचा उतार कुणीकडे ठेवू, हेसुद्धा मला विचारलं होतं. घर बंद करताना मात्र गरज वाटली नाही. मला इथून जायचं नव्हतं. मला रडू आलं आणि चकल्यांचा तो घाणा करपला. मुलाने चकल्या खुसखुशीत झाल्या म्हणून खाल्ल्या.

त्यानंतर मी ह्यांच्याशी कामापुरतंच बोलू लागले. चहात आलं घालायचं बंद केलं. ह्यांच्या ते लक्षात आलं नाही, म्हणून मी आणखी चिडले.

वालांचं सांगायला हवं. पावसाळ्यानंतर धरणाचं पाणी हळूहळू उतरतं आणि काठची ओली जमीन उघडी पडते. वाडीतले लोक त्या ओलीवर वाल पेरतात. आमच्यासमोरचा तुकडा त्यांनी आम्हाला सोडला होता. हे पहिली दोन वर्षं त्याकडे बघतही नव्हते, कारण जलाशयात शेती हे ह्यांच्या खात्याच्या नियमात बसत नव्हतं. ह्या वर्षी मात्र नियम कुठे गेला कोण जाणे. पाणी थोडं खाली गेलं की हे माकडटोपी चढवून चिखलात उतरायचे आणि एक ओळ पेरून यायचे. गुडघे तेव्हा दुखत नसत.

शेजारची वहिनी एकदा मला म्हणाली, "काकी, काका लय खाली चाललेत. तिथला वाल व्हायला पाऊस येल. सांगा त्यांना, बी फुकट जाईल." मी सांगितलं नाही. आमचं बोलणं कामापुरतंच होतं, आणि जाणाऱ्या माणसाच्या बियाण्याची काळजी मी का करू?

जानेवारी संपता संपता मुलगा आला. गाडीची डिकी रिकामी करून आला होता, आमचं सामान भरायला. ह्यांनी त्याच्यासाठी पोपटी लावायचं, म्हणजे मडक्यात भरून जाळाखाली शेंगा भाजायचं ठरवलं. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, अंडी, सगळं नीट भरलं. फक्त ह्यांना ती पाण्याकाठी हवी होती, दृश्य चांगलं म्हणून. मडकं उपडं घातलं ते ओल्या गाळात. वर जाळ झकास झाला, खालून मात्र पाणी पाझरत राहिलं. मडकं काढलं तेव्हा वरच्या शेंगा करपलेल्या आणि तोंडाजवळच्या चिखलात उकडलेल्या. ज्यांनी सगळ्या मुंबईचं पाणी सांभाळलं त्यांना पाणी कुठून येतं ते कळलं नाही.

मुलाला बोलायला निमित्तच मिळालं. बाबा, तुम्हाला आता एकट्याने काही जमत नाही, वाल झालेत, उद्या निघू, असं त्याने सुरू केलं. मी राख झटकत होते. माझा हात थांबला.

हे उठले आणि काठीने दाखवू लागले. घराजवळच्या ओळींना शेंगा होत्या. त्याखालच्या फुलावर आलेल्या. त्याखाली वीतभर रोपं, मग दोन-दोन पानं, आणि अगदी पाण्याशी काळी, नुकती हात फिरवलेली माती.

"वाल काढून झाले की येईन म्हणालो होतो," हे म्हणाले. "अजून पेरून झाले नाहीत."

मुलगा पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, पाणी उतरायचं कधी थांबतं? पाऊस पडला की, असं ह्यांनी सांगितलं, आणि पावसात घर सोडून चालत नाही, कौलं बघावी लागतात. बोलताना ह्यांचा चेहरा खात्याच्या बैठकीत असायचा तसा गंभीर होता. मुलगा दुसऱ्या दिवशी निघाला. डिकीत शेंगांची एक पिशवी होती.

गाडी वळणाआड गेली तसा माझ्या मनातला सगळा राग एकदम बाहेर आला. दिवाळीपासून मी झुरतेय, मला एका शब्दाने सांगता आलं नाही तुम्हाला?

"तुझ्या तोंडावर सगळं दिसतं," हे म्हणाले. "त्याने ओळखलं असतं."

खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. मी आत गेले आणि चहा टाकला. आलं ठेचून घातलं. बाहेर आले तर हे पुन्हा चिखलात, टोपी घालून, वाकलेले. पाणी आणखी थोडं खाली गेलं होतं. मी चहाचे पेले ओटीवर झाकून ठेवले, पदर खोचला आणि बियाण्याची टोपली घेऊन खाली उतरले.