रविवारची ओहोटी

सदर इसमाचे नाव सहदेव नाखवा. मूळ रहिवास कोपरी, ठाणे पूर्व. हल्ली मुक्काम म्हारळ, तालुका कल्याण, मुलाच्या फ्लॅटमध्ये. व्यवसाय : पारंपरिक मच्छीमार, तोही सवडीने. सदर इसमास भरती-ओहोटीचे ज्ञान वडिलोपार्जित प्राप्त असून उल्हास नदीच्या ज्या पट्ट्यात तो त्याचा वापर करतो, तेथे समुद्राची भरती पोहोचत नाही. ही बाब त्यास वेळोवेळी तोंडी कळविण्यात आलेली आहे.

कळवणाऱ्या बहुतेक वेळा त्यांच्या पत्नी, नीलाताई.

खरं तर चूक नदीची होती. मोहन्याच्या बंधाऱ्याच्या वर, कांब्याच्या बाजूला, पावसाळा सरून महिने उलटले तरी नदी चढायची आणि उतरायची. ढगाचा पत्ता नाही, पण काठचं गवत सकाळी बुडालेलं, दुपारी उघडं. खाडीवर वाढलेल्या माणसाने याला दुसरं काय म्हणावं? कोपरीला वडील करायचे तसंच सहदेवरावांनी सुरू केलं. चढत्या पाण्यात खुंट्या ठोकून जाळं उभं करायचं, पाणी उतरलं की मागे अडकलेले मासे वेचायचे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला पाणी सुस्त. यात वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

नदी मात्र अष्टमीला तुडुंब यायची आणि अमावास्येला गोटे दाखवायची. सहदेवरावांनी यावर विचार करून दुरुस्ती सुचवली : भरतीला बंधारा चढून यावं लागतं, म्हणून उशीर होतो.

"समुद्र काय जिना चढून येतो?" नीलाताई म्हणाल्या.

त्यांना त्या जाळ्याची वेगळ्या कारणासाठी गरज होती. गॅलरीत कबुतरांनी संसार मांडला होता. सासऱ्यांच्या हातचं, विणीला पक्कं असलेलं ते जाळं गॅलरीला अगदी मापात बसत होतं. त्यांनी लावून बघितलं होतं. अखेर ठरलं ते असं : माघी पौर्णिमेला एका कालवणापुरता मासा जाळ्यात आला, तर जाळं नदीचं. नाही आला, तर कबुतरांचं.

माघी पौर्णिमा रविवारी आली. मोठं उधाण. नीलाताई साक्षीदार म्हणून, डोक्याला स्कार्फ बांधून, स्वतः काठावर आल्या. शेजारचा प्रफुल्लही आला. तो वीज खात्यात कारकून असल्यामुळे त्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळायचं.

पाणी नव्हतं.

म्हणजे मधल्या धारेला होतं, घोट्याच्या वर. आदल्या संध्याकाळी भरल्या नदीत उभं केलेलं जाळं कोरड्या गोट्यांवर, खुंट्यांना धरून, रिकामं, वाळत घातल्यासारखं उभं होतं. सहदेवराव त्याच्याभोवती एक चक्कर मारून आले.

"पौर्णिमा आजच ना गं?"

"आजच. मी उपास धरलाय."

प्रफुल्लने घसा साफ केला. "काका, हे समुद्राचं पाणी नाहीच. घाटावरच्या धरणातून वीजघरात येतं, यंत्रं फिरवतं, मग नदीत सुटतं. विजेची मागणी वाढली की नदी भरते. रविवारी कारखाने, ऑफिसं बंद. मागणी कमी."

"म्हणजे माझी ओहोटी अंधेरीतल्या ऑफिसांनी काढली?"

"तसंच काही नाही. मागच्या रविवारी पाणी होतं. तेव्हा बहुतेक दुसऱ्या वीजघरातलं यंत्र बंद असेल, म्हणून इथलं चालवलं."

"मग हिची तिथी कुठे बघायची?"

प्रफुल्लला ते माहीत नव्हतं. खात्यातही त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

थोडं खाली नदीकाठच्या वस्तीतली ठमाबाई आपल्या सुनेबरोबर गोट्यांमधल्या डबक्यांत हात घालून मासे काढत होती. पाणी चढलं तेव्हा मासे काठच्या गवतात चरायला आलेले. ते एकदम उतरल्यावर परतीची वाट राहिली नव्हती. मळे नावाचे बोटभर मासे, शिंगाळीची पिल्लं, एक-दोन बऱ्यापैकी वामी.

"बाई, पानी कुठं गेला?" सहदेवरावांनी विचारलं.

"वर कुनी शेतीला वळवला आसंल," ती म्हणाली. "या, घ्या की. ऊन चढला का मरत्यातच."

सहदेवरावांनी जाळं खुंट्यांवरून सोडवलं, त्याची झोळी केली आणि डबक्यांतून मासे वेचून त्यात टाकले. झोळी घेऊन ते बायकोसमोर उभे राहिले.

"हे बघ. जाळ्यात आहेत."

"तुम्ही ठेवलेत."

"पौर्णिमेला एवढा मासा दुसऱ्या कुणी दाखवलाय?"

नीलाताईंनी वाकून झोळीत बघितलं. मासा कालवणापुरता होता. जाळ्यात होता. पौर्णिमा होती. आणि तरी काहीतरी चुकत होतं, पण नेमकं काय, ते उपाशीपोटी सापडेना. प्रफुल्लकडे बघितलं, तर तो काठावरचा फलक वाचत होता. त्यावर पाणी अचानक वाढू शकतं, एवढंच लिहिलं होतं.

"उद्या," त्या म्हणाल्या. "उद्या तुमचं जाळं पाण्यात उभं करा. आला मासा, तर मी कबुतरांना घरातलं समजते."

सोमवारी कारखाने उघडले आणि दुपारपर्यंत नदी काठोकाठ आली. जाळं खुंट्यांवर डौलात उभं राहिलं. सहदेवरावांना इतकं सुंदर पाणी कोपरी सोडल्यापासून दिसलं नव्हतं. ते संध्याकाळपर्यंत काठावर बसले. पाणी उतरल्यावर जाळ्यात एक चप्पल आणि दुधाची पिशवी होती. हीच जागा, तेच जाळं, शिवाय पाणी आदल्या दिवसापेक्षा कितीतरी जास्त. ते दोनदा खुंट्या हलवून बघून आले.

हल्ली जाळं गॅलरीत असून कबुतरांचा प्रश्न मार्गी लागलेला आहे. नदीचा प्रवाहही मागणीनुसार सुरळीत असल्याचे समजते. त्या पट्ट्यातल्या मळे माशांची त्या वर्षीची पिल्लं रविवारी डबक्यांत मेली.