गुलाबी हाऊस

मी आठवीत असताना वागळे इस्टेटमागच्या आमच्या मराठी शाळेत एकदम इंग्लंड अवतरलं. मुख्याध्यापिकाबाई लेकीकडे तिकडे जाऊन आलेल्या. तिथल्या शाळेत म्हणे मुलांची चार हाऊसं, म्हणजे चार रंगांचे गट असतात. लगेच आमच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकल्या. मी लाल हाऊसमध्ये, पाचवीतला माझा भाऊ पांढऱ्या. भावंडं मुद्दाम वेगळ्या हाऊसमध्ये; त्यांच्यात चुरस हवी, असं बाईंचं मत. रिमोटवरून आम्ही रोज एकमेकांचे केस उपटत होतो, पण बाईंना कोण सांगणार!

रविवारी आईने दोघांचे हाऊसच्या रंगाचे नवे टी-शर्ट एकाच बादलीत भिजत घातले. सोमवारी भाऊ मैदानात गुलाबी होऊन उभा. पीटीचे सर ओरडले, "अरे, तू कुठल्या हाऊसचा?"

भाऊ रडवेला होऊन म्हणाला, "आईने धुतला, सर."

सर हसणार, तेवढ्यात त्यांना मागे आणखी अकरा गुलाबी दिसले. प्रत्येकाची ताई नाहीतर दादा लाल हाऊसमध्ये.

पुढच्या आठवड्यात नोटीस लागली: भावंडं एकाच हाऊसमध्ये राहतील. इंग्लंडमध्येही असंच असतं, असं बाई प्रार्थनेनंतर म्हणाल्या.

असणारच. तिकडेही घरात बादली एकच असेल.