चिलखती गाडीपुढचं लिंबू

न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावात आमच्या समोर राहणाऱ्या म्हाताऱ्याचं नाव मला माहीत नाही. तीन वर्षांनंतर आता विचारायची लाज वाटते. त्याच्या अंगणात लष्करातून बाद झालेली एक चिलखती गाडी आहे. दर रविवारी तो जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, घालून तिच्या चाकांभोवतीच्या लोखंडी पट्ट्यांना ग्रीस लावतो आणि हात पुसायचं फडकं तोफेच्या नळीवर वाळत घालतो.

दसऱ्याला मी माझ्या गाडीला हळद-कुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते चिरडून गाडी पुढे घेतली. तो रस्ता ओलांडून आला.

"कीया ओरा," त्याने माओरीत नमस्कार केला. "हे कशासाठी?"

"गाडीचं वाईट होऊ नये म्हणून," मी म्हटलं.

"मग माझ्या गाडीचंही कर." त्याने स्वतःच्या झाडाचं लिंबू तोडून आणलं.

हिची पूजा वाहन म्हणून करायची की शस्त्र म्हणून, मला कळेना. दसऱ्याला दोन्हींची होते, म्हणून तिलाही कुंकू लावलं. लिंबू पट्ट्यासमोर ठेवून तो आत चढला. इंजिन धडधडलं, गाडी हलली आणि लिंबापासून वीतभर अंतरावर थांबली. खाली उतरून त्याने लिंबू खिशात टाकलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"हिने आजवर काही चिरडलेलं नाही," तो म्हणाला.

पूजा झाली की राहिली, मला अजून ठरवता येत नाही. घरी आलो तर माझ्या चाकाला लिंबाची साल चिकटली होती. ती मी नखाने खरवडून काढली. एरवी कधी काढत नाही.