डबा बरोबर, पिस्टन भलताच

गाडी शिकायला येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी तिच्याकडून एक शब्द इतक्यांदा ऐकावा लागे की लोक तिला क्लचताई म्हणू लागले. "क्लच! अहो, क्लच!" पन्नाशीच्या आसपासची बाई, अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. अर्ध्या गावाने तिच्या शेजारी बसून गाडी शिकली होती. तिचा नवरा मिस्त्री. घराच्या मागच्या शेडमध्ये तो इंजिनं उघडायचा आणि जोडायचा.

वर्षातून एकदा गावाबाहेरच्या डोंगराचा रस्ता बंद करून चढाची शर्यत व्हायची. एकेक गाडी सोडायची, वर पोचायला कोणाला किती वेळ लागतो ते मोजायचं. क्लचताई दरवर्षी आपली जुनी छोटी लाल गाडी घेऊन उतरायची आणि दरवर्षी शेपटाला राहायची. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. सासूबाई त्या गाडीला सवत म्हणायच्या. "हिच्यासारखी बाई पाहिली नाही मी. सवतीला स्वतःच्या हाताने आंघोळ घालते!"

त्या वर्षी मात्र तिच्या मनाने घेतलं की एकदा तरी वरच्या निम्म्यात यायचं. डोळ्यांना दूरचं थोडं अंधुक दिसू लागलं होतं. अजून किती वर्षं चालवायला मिळेल कोण जाणे. मिस्त्री म्हणाला, "इंजिनात दम भरायचा तर पिस्टन बदलावे लागतील. शर्यतीचे मिळतात, जास्त दाब देणारे." शहरात अशा सामानाचं एक मोठं दुकान होतं. तिथून पिस्टनचा डबा मागवला. डब्यावर गाडीचं नाव बरोबर, इंजिनाचा नंबर बरोबर. आतले पिस्टन आरशासारखे चकचकीत. मिस्त्रीने एक हातात घेतला, फिरवून पाहिला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"काय झालं?"

"डोकं जरा उंच वाटतंय ह्याचं."

पिस्टन सिलिंडरमध्ये अलगद गेला. तेवढ्यावर मिस्त्रीचं समाधान होईना. त्याने पिस्टनच्या डोक्यावर लहान मुलांची खेळायची रंगीत माती थापली, वरचं झाकण बसवलं, पान्याने इंजिन हळूहळू हाताने फिरवलं आणि झाकण पुन्हा उघडलं. व्हॉल्व्ह खाली येतो त्या जागी माती दबून कागदासारखी पातळ झाली होती. खालचा पिस्टन आरपार दिसत होता.

"हाताने फिरवतोय म्हणून एवढं तरी अंतर आहे," तो म्हणाला. "वेगात गेलं की व्हॉल्व्ह आपटणार. हा डबा आपला, पण पिस्टन कुणा दुसऱ्याच इंजिनाचे आहेत."

मग फोन सुरू झाले. आधी बराच वेळ बासरी वाजायची, मग एक गोड आवाज सांगायचा की तुमचा फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे, मग पुन्हा बासरी. फोन स्पीकरवर टाकून सासूबाईंच्या समोर ठेवला होता. त्या मटार सोलत बसल्या होत्या. टोपली संपली तरी माणूस काही बोलेना. शेवटी सासूबाईच फोनवर ओरडल्या, "अगं बाई, एवढा मोलाचा आहे तर घे ना!"

माणूस मिळाला तेव्हा तो म्हणाला फोटो पाठवा. फोटो पाठवले. दुसऱ्या माणसाने पुन्हा फोटो मागितले. तिसऱ्याने सांगितलं की डबा उघडलाय, आता परत घेता येत नाही.

"न उघडता चुकीचा आहे हे कळणार कसं?" मिस्त्रीने विचारलं.

"सिलिंडरमध्ये जातो ना, साहेब? मग बसतो."

"जातो आणि बसतो यात फरक आहे!"

"दुसऱ्या कुणाची तक्रार नाही, साहेब. तुमच्याच इंजिनात काही असेल. नाहीतर जरा घासून घ्या." फोन बंद. संध्याकाळी निरोप आला की आपल्या तक्रारीचं समाधानकारक निवारण झालं आहे.

शर्यत तोंडावर आली होती. शेडमध्ये गाडी पोट उघडं टाकून उभी होती. क्लचताई दारात येऊन उभी राहिली.

"बसवा तेच," ती म्हणाली.

मिस्त्रीने मान वर केली नाही. "नाही."

"जाड पॅकिंग टाका झाकणाखाली. तेवढी उंची मिळेल. तुम्हीच करता ना लोकांच्या गाड्यांना?"

"करतो. पण इथे पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हसाठी असतात त्या खाचाच चुकीच्या जागी आहेत. पॅकिंग टाकून अंतर वाढेल, खाच सरकणार नाही."

"एक चढ तर आहे! एका चढाला टिकेल."

"आणि वळणावर तुटलं तर?" आता त्याने वर पाहिलं. "मी हे इंजिन जोडणार नाही. दुसऱ्या कुणाकडून जोडून घे आणि मग ह्या घरात गाडी आणू नकोस."

लग्नानंतर इतक्या वर्षांत तो तिच्याशी असा बोलला नव्हता. ती न जेवता झोपली. सकाळी डबा पिशवीत घातला आणि शहराची बस धरली.

दुकान म्हणजे काचेचा महाल होता. मखमलीवर मांडलेले पिस्टन, भिंतीवर वेगाने जाणाऱ्या गाड्यांचे फोटो, कोपऱ्यात मऊ सोफा. काउंटरमागे टाय लावलेला एक विक्रेता होता. त्याने तिच्यामागे पाहिलं, कुणी पुरुष येतोय का म्हणून.

"काकू, मिस्त्रींना पाठवा ना. हे तांत्रिक असतं."

"गाडी मी चालवते. मला सांगा."

"काय सांगू? आमचा माल चुकीचा नसतो."

"मग त्या इंजिनाच्या मापाचा कागद दाखवा. आपण दोघं मिळून ताडून बघू."

"तो कागद कंपनीकडे असतो. तुम्ही बसा, साहेब आले की बघतो."

ती सोफ्यावर बसली. साहेब काही आले नाहीत. तेवढ्यात एक पोरगेलासा माणूस आत आला. छताखाली आला तरी त्याच्या डोळ्यांवरचा काळा गॉगल उतरला नव्हता. शर्यतीत तिने त्याला पाहिलेलं होतं. त्याचीही गाडी ह्याच जातीची. विक्रेत्याने हसत हसत फळीवरून डबा काढला. तोच डबा, तोच नंबर.

क्लचताई उठून उभी राहिली. "अरे थांब. हे घालू नकोस. ह्यात पिस्टन दुसरेच आहेत. व्हॉल्व्ह आपटतील."

"काकू, गिऱ्हाइकांना त्रास देऊ नका," विक्रेता म्हणाला. आवाजातला गोडवा आटला होता. मग गॉगलकडे वळून, "त्यांच्या घरच्या शेडमध्ये काम चालतं. बसवता आलं नाही की माल खराब. तुमचं इंजिन आमचा माणूस जोडेल, काळजीच नको."

"निदान आधी माती लावून बघ," ती गॉगलला म्हणाली.

"माती?" तो हसला. "काकू, इंजिन आहे, कुंडी नाही."

परतीच्या बसमध्ये डबा तिच्या मांडीवर होता. घरी येऊन तिने तो शेडच्या फळीवर ठेवला आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "जुनेच बसवा."

त्याने जुने पिस्टन धुतले, नव्या रिंगा घातल्या. दोघांनी मिळून इंजिन जोडलं. बोलणं फक्त "पाना द्या" आणि "धर" एवढंच.

शर्यतीच्या दिवशी गॉगलची पाळी क्लचताईच्या आधी होती. त्याच्या गाडीचा आवाज नुसत्या उभ्या जागी असा घुमत होता की लोक मागे सरकले. मिस्त्रीने मान तिरपी करून ऐकलं. त्याचा हात लाल गाडीच्या दारावर घट्ट झाला. गॉगल सुटला. आवाज डोंगरावर चढत गेला.

ठरलेला वेळ गेला आणि क्लचताईला झेंडा पडला.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. जुनं इंजिन कुरकुरत पण इमानाने ओढत होतं. तिसरं वळण आंधळं होतं, डावीकडे कातळ, उजवीकडे दरी. वळताना तिला रस्त्यावर एक काळा चकाकता पट्टा दिसला. तेल. त्याच्या पुढे गॉगलची गाडी रस्त्यात आडवी, बॉनेटमधून वाफा.

ब्रेकवर पाय पूर्ण दाबला असता तर गाडी तेलावरून सरळ दरीकडे गेली असती. तिने पाय उचलला, गिअर खाली घेतला आणि चाक डावीकडे कातळाकडे वळवलं. पत्रा दगडावर घासत गेला, आरसा तुटून उडाला, ठिणग्या पडल्या. आडव्या गाडीपासून हातभर अंतरावर ती थांबली.

वळणावरचा झेंडेवाला आपला झेंडा रस्त्यावर टाकून गॉगलचं अडकलेलं दार ओढत होता. आत गॉगल मनगट धरून कण्हत होता. क्लचताईच्या डोक्यात एकच गोष्ट आली. खाली पुढची गाडी सुटली असणार.

तिने झेंडा उचलला आणि उताराने धावत सुटली. डोक्यावर हेल्मेट, पायात जड बूट, श्वास आत घुमतोय. खालून इंजिनाचा आवाज वाढत होता. वळणाच्या खालच्या बाजूला पोचणं भाग होतं, नाहीतर त्या माणसाला ती दिसलीच नसती. ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली आणि दोन्ही हातांनी झेंडा हलवू लागली. निळी गाडी समोर आली. टायर किंचाळले. गाडी तिच्या गुडघ्यांपुढे येऊन थांबली.

थोड्या वेळाने मिस्त्री चढ धावत वर आला. त्याने बायकोचं हेल्मेट काढलं, तिचं तोंड दोन्ही हातात धरून इकडून तिकडून तपासलं, जसा तो झाकणाला चीर आहे का बघायचा, आणि मग तिथेच दगडावर बसकण मारली.

गॉगलचं मनगट मोडलं होतं. त्याने गाडी मिस्त्रीच्याच शेडमध्ये आणून उघडायला सांगितली. आत व्हॉल्व्ह मोडून पिस्टनमध्ये घुसला होता आणि पिस्टनचा एक दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला होता. गॉगलने दुकानात फोन लावला. गाडी शर्यतीत वापरली म्हणून हमी रद्द, असं उत्तर आलं.

"शर्यतीचे पिस्टन शर्यतीत वापरले म्हणून?" मिस्त्रीने विचारलं. पुढे बासरी वाजू लागली.

दुसऱ्या दिवशी क्लचताई आणि गॉगल दोघं दुकानात गेले. गॉगलचा हात प्लास्टरमध्ये, गॉगल खिशात. तिने मोडका पिस्टन मखमलीवर चकचकीत पिस्टनांच्या शेजारी ठेवला आणि सोफ्यावर जाऊन बसली. आत येणारा प्रत्येकजण थबकून विचारायचा, "हे काय झालं?" आणि ती सांगायची. आवाज न चढवता, शिकाऊ माणसाला सांगावं तसं. विक्रेत्याने पिस्टन उचलायला हात पुढे केला तर गॉगल म्हणाला, "तो माझा आहे. हात लावू नका." एकाने घेतलेला डबा तिथेच ठेवला आणि निघून गेला. दुसऱ्याने मालकाचा नंबर मागितला.

मग साहेब आले. आले म्हणजे आतल्याच खोलीतून आले. त्यांनी मोडका पिस्टन आणि फळीवरच्या डब्यातला पिस्टन मापून पाहिले, विक्रेत्याकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाले, "लेबलांची अदलाबदल झालेली दिसते. तुमचे पैसे परत देतो. ह्यांच्या इंजिनाचाही खर्च देतो. फक्त बाहेर बोलू नका."

"सकाळपासून आतच बोलतेय," क्लचताई म्हणाली. "आणि ज्यांनी ज्यांनी हे डबे नेलेत त्यांना माझ्यासमोर फोन करा."

साहेबांनी फोन लावायला घेतले. माफी त्यांनी कुणाचीच मागितली नाही. मात्र फळीवरचे सगळे डबे खाली उतरवले गेले.

संध्याकाळी तिची शिकवणी होती. शिकवणीच्या दुसऱ्या गाडीत शेजारी बँकेतली एक बाई शिकायला बसली होती, नवखी, घाबरट. सपाट रस्ता होता, समोर कुणी नव्हतं. तरी वळण आलं तशी क्लचताईने दाराची मूठ गच्च धरली. वळण गेलं तरी सोडली नाही.

"ताई, माझं काही चुकलं का?"

"नाही गं. गाडी कडेला घे."

गाडी थांबली. क्लचताईने तोंडावर पदर धरला आणि ती रडली, दिवसभर दुकानात अडवून ठेवलेलं सगळं. बँकेतल्या बाईला काय करावं कळेना. तिने पाण्याची बाटली पुढे केली. क्लचताई प्यायली, तोंड पुसलं, खिडकीची काच खाली केली.

"चल," ती म्हणाली. "आरशात बघ. मागे कुणी नाही ना? मग घे पहिला गिअर."