नळमामाचा स्वच्छ आठवडा

माझ्या मामाला सगळे नळमामा म्हणतात. नळ, पाइप, टाक्या, तुंबलेल्या मोऱ्या यांत चाळीस वर्षं काढलेला माणूस. हात खडबडीत, मन लोण्यासारखं, आणि तोंड? तोंडाचं विचारूच नका. गंजलेला नट हलला नाही की त्या नटाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा.

हा माणूस दर रविवारी प्रार्थनामंदिरात उपासनेला सगळ्यांच्या आधी हजर. पण प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटायच्या भाकरीचं, ताट आलं की मान खाली घालून शेजाऱ्याकडे सरकवायचा. अकरा वर्षं! म्हणे, "एक आठवडा शिवी न देता काढतो, मग घेतो." आठवडा काही निघेना. मामी म्हणायची, "सोमवारच्या चहाआधीच संपतो यांचा आठवडा."

मंडळीतले शहाणे याला नम्रता म्हणायचे. नम्रता कसली, डोंबल! शुद्ध ताठा होता तो. मी ओळखतो, कारण तोच माझ्या अंगात आहे. मोर्चे काढण्यात माझी हयात गेली. घ्यायचं ते हक्कानं, फुकटचं कुणाकडून नको. मामाचंही तेच, फक्त त्याचा मोर्चा थेट देवावर होता.

यंदा त्याची मुलगी पहिल्यांदा प्रभुभोजन घेणार होती. तिनं जेवताना सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही ताट सरकवलंत तर मीही सरकवणार."

मामाचा घास हातातच राहिला. "बापाला धमकी देतेस?"

"तुमचीच मुलगी आहे ना."

झालं. सोमवारपासून मामानं तोंड शिवलं. नट अडला की "हल ना रे राजा" अशी त्याची मनधरणी. एका गिऱ्हाईक बाईंनी तर मामीला फोन करून विचारलं, "त्यांना बरं नाही का?" असा शुक्रवारही पार पडला.

शनिवारी दुपारी प्रार्थनामंदिराच्या स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता. मामा सिंकखाली आडवा, मी टॉर्च धरून, आणि आमच्या मंडळीचे धर्मगुरू पाळकसाहेब हौसेनं बाहेर व्हॉल्व्हपाशी. पाणी ठिबकत होतं म्हणून मामानं सांगितलं, "अजून जरा आवळा." पाळकसाहेबांनी सगळा जोर लावून व्हॉल्व्ह नेमका उलट्या बाजूनं फिरवला.

पाण्याचा फवारा मामाच्या थोबाडावर. आणि सहा दिवसांचं तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर पडलं. पाळकसाहेबांचे आजोबासुद्धा सुटले नाहीत.

कसाबसा व्हॉल्व्ह बंद करून पाळकसाहेब आत आले. मामानं पाना भिरकावला. "गेला! आठवडा गेला. पोरीला काय सांगू आता?"

"आठवडा मागितला होता कोणी?"

"मग काय असल्या तोंडानं जेवायला बसू?"

पाळकसाहेबांनी ओल्या फरशीवरच बैठक मारली. "पहिल्यांदा इथं आलात ते कसल्या तोंडानं?"

"तेव्हा देवासाठी कुठं आलो होतो? मोरी तुंबली होती म्हणून आलो. तुम्ही बाहेर शास्त्र वाचत होतात, मी आत शिव्या घालत होतो. एक वचन कानावर पडलं आणि हातच थांबला."

"कोणी थांबवला?"

मामानं भिरकावलेला पाना उगाचच जवळ ओढला.

"तुमच्यात काही चांगलं बघून निवडलं नाही देवानं, मामा. मग आज वाईट बघून हाकलेल होय? शिव्यांची माफी मागा, त्या वाईटच. माझ्या आजोबांचीही मागा. पण आमंत्रण त्याचं आहे. ते रद्द करणारे तुम्ही कोण?"

मामा ढसाढसा रडला. मी टॉर्च भिंतीकडे फिरवला, कारण माझंही काही खरं नव्हतं. भांडून घेणं सोपं असतं हो. नुसता हात पुढे करणं फार जड जातं.

रविवारी ताट आलं. मुलगी बापाकडे टक लावून बघत होती. मामानं भाकरीचा तुकडा उचलला. लगेच तिनंही उचलला आणि पुटपुटली, "किती उशीर!"

मामा भर उपासनेत खो-खो हसला. मामीनं कोपर मारलं. तरी तो हसतच राहिला, डोळे पुसत, आणि अकरा वर्षं उपाशी राहिलेला माणूस जेवावा तसा तो एवढासा तुकडा सावकाश चावत राहिला.