बघायची ओळ

घरात तिला सगळे ‘खात्री’ म्हणत. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायची, गॅस बंद केला की अर्ध्या जिन्यावरून परत वर जायची. नवरा म्हणायचा, “हिचा स्वतःच्या हातावरही भरवसा नाही.”

हीच खोड पोटापाण्याच्या कामी आली. खऱ्या क्वांटम यंत्रात क्युबिटकडे, म्हणजे त्यातल्या माहितीच्या सर्वांत लहान एककाकडे, मध्येच पाहिलं की त्याची अवस्था मोडते. साध्या संगणकावर त्या यंत्राची नक्कल चालवली, तर मात्र हवं तितकं डोकावता येतं. म्हणून तिने प्रोग्रामच्या प्रत्येक पायरीनंतर एक ओळ घातली होती: अवस्थेचे आकडे दाखव, वाचायला सोपे जावेत म्हणून दशांशाचे बारीक अंक छाटून, गोल करून. उत्तर शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा बरोबर यायचं. त्याच जोरावर तिने ओळखीतल्या एका गणितवालीला कॉलेजची कायमची नोकरी सोडायला लावून इथे आणलं होतं.

सोमवारी प्रोग्राम खऱ्या यंत्रावर चालणार होता. फसला तर विभाग बंद, हे साहेबांनी आधीच सांगून ठेवलेलं. तिथे डोकावायची सोय नाही, म्हणून शुक्रवारी दुपारी तिने ती ओळ काढली आणि चालवून पाहिलं.

एकावन्न.

ओळ परत घातली, अठ्ठ्याण्णव. काढली, एकावन्न. गोल करताना तिने आकड्यांची प्रत घेतलीच नव्हती. दर वेळी मूळ अवस्थाच गोल होत होती आणि प्रोग्रामच्या चुकांचा साचलेला बारीक कचरा त्यात पुसला जात होता. दोन वर्षं! जगाच्या डोळ्यातलं कुसळ शोधणारीला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं. एवढ्या चुका दोन दिवसांत कुणाच्या बापाला सापडणार होत्या? तिला रडावंसं वाटलं. तरी खोड जाईना. ओळ घालून तिने पुन्हा एकदा चालवलं.

तेवढ्यात चहाचे दोन कप घेऊन गणितवाली मागे येऊन उभी राहिली.

“अठ्ठ्याण्णव! मला वाटलं होतं, ऐनवेळी कुठेतरी माशी शिंकणार.”

“अगं, ऐक ना…” तिने खुर्ची मागे वळवली.

“थांब ताई, आधी आईला सांगते.” गणितवालीने फोन लावलासुद्धा. “आई, सामान बांधायला घे. आता तू इथेच राहायचं, माझ्याजवळ.”